घडी मोडायची नाही!

काय दिवस आलेत बघा. बेंगळुरूतली मल्लेश्वरमसारखी सोवळी वस्ती. सकाळी दारात रांगोळी पडते आणि लगेच डोशाच्या हॉटेलापुढं रांग लागते. अशा वस्तीतल्या एका चांगल्या घरच्या सुनेनं परवा १९४३ सालचा ब्लाउज मागवला. तोही परदेशातून! आणि तो ब्लाउजही नाहीच, ब्लाउज कसा बेतायचा याचा कागद. पतंगाच्या कागदाहून पातळ, पिवळा पडलेला, खुणांच्या जागी नुसती भोकं पाडलेला. सूनबाईंनी तो पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. घडी मोडते म्हणे! कारखान्यात घातलेली घडी ऐंशी वर्षांत कुणी उलगडलेली नाही, आपण उलगडली की कागदाचा भाव उतरतो. सासूबाईंनी साधाच प्रश्न विचारला, ‘मग शिवणार कशी गं?’ तर सून म्हणाली, ‘शिवायला कोण चाललंय?’ त्या दिवसापासून सासूबाईंचा मुक्काम काडू मल्लेश्वराच्या देवळात वाढलाय.

दुसऱ्या महायुद्धातले शिवणाचे पॅटर्न, विणकामाच्या पुस्तिका, भरतकामाचे छाप आणि बायकांची मासिकं जमवायची, असं हे वेड आहे. बेंगळुरूत बाधा झालेली माणसं मूठभरच असतील, पण लक्षणं एकदा कळली की गर्दीतही ओळखू येतात. जी बाई साडीला फॉल-पिको करायला कोपऱ्यावर देऊन येते, जिच्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण गेल्या दिवाळीपासून सेफ्टी पिनेवर निभावतंय, तीच ‘स्टिचक्राफ्ट’च्या चाळीस सालच्या अंकासाठी रात्री दोन वाजेपर्यंत जागते. कारण लिलाव लंडनच्या वेळेनं चालतो. नवऱ्याला वाटतं, ऑफिसचा कॉल आहे. बिचारा दार हळू लावून घेतो.

अशाच एका वहिनींकडं मी चहाला गेले होते. चहाआधी मला हात धुवायला लावले, पुसायला कोरा पंचा दिला. मग कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घातलेली पत्र्याची पेटी निघाली आणि तिच्यातून आठ पानांची एक पुस्तिका. युद्धातला कागद मुळात हलका, त्यात आता करडा पडलेला. मधल्या दोन्ही तारा गंजलेल्या, त्यांचा तांबूस डाग प्रत्येक पानावर जोडीनं उतरलेला. अक्षर इतकं बारीक की कागद वाचवायला डोळे खर्ची घातलेत असं वाटावं. वरच्या चित्रात केसांचे रोल वळलेली, ओठ रंगवलेली बाई, अंगात आखूड स्वेटर, खांदे पैलवानाचे. आत मात्र समासात शिसपेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, पुन्हा चार उभ्या. कुणीतरी विणलेल्या ओळी मोजल्या होत्या. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीत ‘दोन सुलट, दोन उलट’पाशी रेघा एकदम थांबलेल्या.

वहिनींनी डोळे मिटले. ‘काय झालं असेल हो तिचं? सायरन वाजला असेल? तार आली असेल?’

मी म्हटलं, ‘कंटाळा आला असेल. दुसऱ्या बाहीला सगळ्यांनाच येतो.’

पुस्तिका मिटली, पेटी मिटली, चहा थंडच मिळाला.

आता या वेडातला खरा अत्याचार ऐका. या पुस्तिका निघाल्या कशासाठी? पैसा खर्चू नये म्हणून! ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांवर रेशन आलं. मोठ्या माणसाला पहिल्या वर्षाला ६६ कुपनं, पुढं त्याहून कमी. पुरुषाचा तीन कपड्यांचा सूट एकटाच २६ कुपनं खायचा. लोकर एका कुपनाला दोन औंस. हे सगळं लढाई संपल्यावरही चालू राहिलं, पार मार्च १९४९ पर्यंत. या रेशनपायीच तिथल्या व्यापार खात्यानं १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. किंमत तीन पेनी. खात्यानं ‘मिसेस सो-अँड-सो’ नावाची एक बाहुलीही नेमली होती. ती जाहिरातींतून सांगायची : यजमानांच्या जुन्या सुटातून स्वतःला काहीतरी बेता, विटलेला स्वेटर उसवा, लोकरीची लच्छी करून धुवा म्हणजे वळसे जातील, मग पुन्हा विणा. आमची आजी हेच सांगत होती. तिला कुणी खात्यात घेतलं नाही, एवढाच फरक.

सरकारची मजल तर कुठवर गेली होती! १९४२ मध्ये असा हुकूम निघाला की विकायच्या आतल्या कपड्यांवर भरतकाम आणि लेस लावायची नाही. सरकारनं बसून हे ठरवलं. तिकडं हिटलर दाराशी, इकडं साहेब बायकांच्या झालरी मोजतोय.

तर अशा तीन पेनींच्या काटकसरीसाठी आमच्या बायका आज किती रुपये मोजतात, तो आकडा मी इथं देत नाही. त्यांचे नवरेही हा अंक वाचतात. ‘मेक डू अँड मेंड’ची नवी छापील प्रत सुखानं मिळते. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय त्या काळातले विणकामाचे काही नमुने चक्क फुकट देतं, घ्या आणि बसा विणत. पण फुकटात मिळालेल्याला पेटी कशी लागणार, आणि पेटी नसेल तर पाहुण्यांना हात कशाला धुवायला लावायचे?

परदेशी माल येतो कसा, तेही सांगते. कुणाचा भाचा लेस्टरला, कुणाची नणंद न्यू जर्सीत. जाताना त्यांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला कोंबायचा, आणि येताना त्याच वासाच्या बॅगेत जुने कागद मागवायचे. एका बाईंच्या १९४१ च्या मासिकाला इतका मेतकुटाचा वास लागलाय की त्यांच्याकडं गेलं की भातच आठवतो. ‘लाइफ’ साप्ताहिकानं २४ नोव्हेंबर १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर चक्क ‘विणायचं कसं’ हा विषय घेतला होता. पर्ल हार्बरला तेव्हा दोन आठवडे होते. त्या अंकासाठी एका भाच्याला म्हणे लग्नाची मुलगी बघून देण्याचं आमिष दाखवलं गेलं. खरं-खोटं देव जाणे. मुलगी अजून दिसलेली नाही, अंक मात्र पोचलाय.

पण कसलेले खेळाडू परदेशावर अवलंबून नाहीत. त्यांचा डोळा कॅन्टोन्मेंटवर. कॉक्स टाउन, रिचर्ड्स टाउन, कुक टाउन, तिकडं लांब व्हाइटफील्ड. त्या कौलारू बंगल्यांतून अँग्लो-इंडियन आणि साहेबी घरं नांदली. त्यांची मासिकं विलायतेहून बोटीनं यायची आणि बेंगळुरूच्या कोरड्या हवेत टिकायचीही. लढाईत तर हे गाव नुसतं गजबजलं होतं. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये इथं विमानाचा कारखाना काढला. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला. दुरुस्तीची कॅटलिना विमानं बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरायची. हो, तेच तळं, ज्याचा फेस मध्यंतरी रस्त्यावर यायचा! जालहळ्ळीकडं इटालियन युद्धकैदी होते, बिन्नीच्या गिरणीत फौजेचं कापड निघत होतं, आणि म्हैसूरच्या रेशमाला पॅराशूटपायी मागणी चढली होती. एवढी फौज गावात असल्यावर बंगल्याबंगल्यांतून मोजे, मफलर आणि टोप्या विणल्या जाणारच, आणि त्यांचे नमुने कुठल्यातरी माळ्यावर पडून राहणारच.

म्हणून ‘अमुक बंगला पडतोय, तिथं अपार्टमेंट येतंय’ अशी बातमी फुटली की इतरांना दुःख होतं, ह्यांना ताप चढतो. एक बाई तर मयताला जाऊन आल्या त्या कपाटांचा नकाशा डोक्यात घेऊन. शोक बैठकीच्या खोलीत, नजर वरच्या फळीवर! ज्यांना एवढं धारिष्ट नाही, ते रविवारी सकाळी अॅव्हेन्यू रोडकडच्या जुन्या बाजारात पथाऱ्या धुंडाळतात, नाहीतर ब्रिगेड रोडच्या बोळातल्या १९४५ च्या ‘सिलेक्ट’ पुस्तकदुकानात आणि चर्च स्ट्रीटच्या ‘ब्लॉसम’मध्ये मान वाकडी करून उभे राहतात. बाजारात एक शिस्त पाळायची असते. ‘विणकामाचं काही आहे का’ असं विचारायचंच नाही. आधी पाककृतीचं जाडजूड पुस्तक उचलायचं, त्यावर पाच मिनिटं घासाघीस करायची आणि जाताजाता ‘हे फाटकं पण टाका त्यात’ म्हणायचं. पथारीवाल्यानं मात्र ओळखलंय. तो फाटक्याचाच भाव आधी सांगतो.

आणि हे फक्त बायकांचं खूळ समजू नका. विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका आहेत. ते फक्त फौजी विणकाम जमवतात : खलाशांचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, पहाऱ्यावरच्या शिपायाचे बंदुकीच्या बोटापुरते उघडे हातमोजे, तारायंत्रवाल्यासाठी कानाशी भोक ठेवलेली टोपी. काकूंनी ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं की काका एका बिशपचा दाखला देतात. रिचर्ड रट हे लेस्टरचे बिशप. धर्मगुरूचा झगा घालणारा हा माणूस विणायचाही, आणि १९८७ मध्ये त्यांनी हातविणकामाचा जाडजूड इतिहास लिहिला. त्यांचा संग्रह आता साउदॅम्प्टन विद्यापीठात आहे. काकूंचं म्हणणं, बिशपांच्या घरी कपाटं जास्त असतील.

या सोज्वळ दिसणाऱ्या कागदांची पूर्वपीठिकाही काही सोज्वळ नाही बरं का. ‘एक सुलट, दोन उलट, एक टाका सोडा’ अशी ओळ तुम्ही-आम्ही वाचली तर स्वेटर दिसतो. सेन्सॉरवाल्याला गुप्त संदेश दिसायचा. म्हणून लढाईत विणकामाच्या सूचना टपालानं परदेशी पाठवायला अमेरिकेनं बंदी घातली होती. संशय अगदीच वेडगळ नव्हता. फिलिस लातूर नावाची ब्रिटिशांची हेर पोरगी १ मे १९४४ ला पॅराशूटनं नॉर्मंडीत उतरली आणि साबण विकत सायकलवरून हिंडत जर्मनांच्या हालचाली कळवत राहिली. तिची सांकेतिक कोष्टकं रेशमावर होती. ते रेशीम विणायच्या सुईला गुंडाळून, सुई चपट्या नाडीत घालून, त्या नाडीनं ती केस बांधायची. झडती घेणाऱ्यांपुढं तिनं एकदा नाडी सोडून केस मोकळे करून दाखवले. काही लपवलेलं नाही, बघा! २०२३ मध्ये १०२ वर्षांची होऊन ती न्यूझीलंडमध्ये वारली.

आणि ते मेजर कॅसडाग्ली! ब्रिटिश अधिकारी, क्रीटमध्ये पकडले गेले, जर्मन छावणीत कैदी. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांनी कापडाचा एक तुकडा क्रॉस स्टिचनं भरला. दोरा कुठला? एका म्हाताऱ्या क्रीटच्या जनरलच्या उसवलेल्या स्वेटरचा. मधोमध आपलं नाव-गाव, भोवती ठिपक्या-रेघांची नाजूक किनार. जर्मन इतके खूश झाले की त्यांनी तो तुकडा चार छावण्यांत प्रदर्शनाला लावला. किनार मोर्स लिपीत होती. एका ओळीत राजाला उदंड आयुष्य, दुसरीत हिटलरला अशी शिवी, की ती मी माहेरच्या माणसांपुढंही उच्चारणार नाही. आमच्या भरतकामाच्या बाई रुमालाच्या कोपऱ्यात गुलाब काढायला शिकवायच्या. शिव्यांचं पान त्यांनी गाळलंच म्हणायचं.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या गोधड्यांविषयी मात्र चेष्टा करवत नाही. १९४२ मध्ये जपान्यांनी कोंडलेल्या बायकांनी चौकोन भरून तीन गोधड्या केल्या. कल्पना एथेल मलव्हेनी या कॅनेडियन बाईची. तिचा नवरा हिंदुस्थानच्या फौजेत डॉक्टर होता. एकेका गोधडीत ६६ चौकोन, प्रत्येकीनं आपल्या चौकोनात नाव घातलं, म्हणजे पलीकडच्या पुरुषांच्या छावणीतल्या नवऱ्याला कळावं की ती जिवंत आहे. तो नमुना कुठल्याही मासिकात आला नव्हता.

असो. माझा खरा राग निराळाच आहे. विलायतेच्या रद्दीसाठी जीव टाकणाऱ्या या बायकांपैकी एकीनं तरी आपल्या घरचा माळा बघितला का? शं. वा. किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक काढलं ते १९३० मध्ये. लढाईत कागदावर नियंत्रण आलं तरी ते बंद पडलं नाही. कापडाची तर आपल्याकडं अशी टंचाई होती की ‘कंट्रोलचं कापड’ म्हटलं की जुनी माणसं अजून कपाळाला आठी घालतात. त्या दिवसांत नऊवारी लुगड्याच्या धडक्या भागाची पोरींची परकर-पोलकी झाली, धोतराची दुपटी झाली, उरलेल्या चिंध्यांची गोधडी झाली. याची पुस्तिका कुणी छापली नाही. वहीत उतरवलेलं असायचं : एका पानावर क्रोशाच्या तोरणाची आकृती, दुसऱ्यावर लोकरीचा हिशेब, तिसऱ्यावर धोब्याचा. त्या वह्या आपण दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावानं घालवल्या आणि आता साहेबाच्या बायकोच्या पेन्सिलीच्या रेघांवर रडतोय! वहिनींना हे बोलले, तर म्हणाल्या, ‘तुमच्या आजीची वही असेल तर बघा ना, मी घेईन.’ बघा म्हणजे! मलाच गिऱ्हाईक लावायला निघाली.

शेवटी त्या सूनबाईंचं पाकीट मी हट्टानं पेठेत नेलं, घडी न मोडण्याच्या शपथेवर. चिकपेठेच्या आसपास नामदेव शिंप्यांची आणि भावसारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि मराठी अशी की पुण्याच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. तिथले आमचे ओळखीचे मास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाकिटावरचं चित्र दूर धरून पाहिलं, अंगठा आणि करंगळी ताणून चित्रावरच वीत फिरवली आणि एक शब्द न वाचता म्हणाले, ‘बाईसाहेब, कापड वाचवलंय हो याच्यात. मागं चुण्या नाहीत, पट्टी उलट्या बाजूनं जोडलीय, बटणं तीनच. खांद्यात गादी घालून झाकलंय सगळं.’ बटणांवरही तेव्हा निर्बंध होते, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी विचारलं, ‘कागदावरून शिवाल?’ मास्तर हसले. ‘कागद कशाला? माप द्या. संध्याकाळी न्या.’ सूनबाईंनी पाकीट असं हिसकावलं की मास्तर घाबरून दुकानाच्या आत गेले.

प्रत्यक्ष विणणारे या टोळीत अपवादानंच. एकीनं अमेरिकन रेडक्रॉसच्या पुस्तिकेवरून मोजे करायला घेतले. पुस्तिकेत लिहिलं होतं, दोन नंबरच्या सुया. तिकडं दोन नंबर म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. आपण अजून जुन्या विलायती नंबरांनी चालतो, आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. दुकानदारानं तिला दोन नंबर म्हणून सात मिलिमीटरचे दांडके दिले. मोजा झाला तो दसऱ्याच्या हत्तीच्या मापाचा, आणि तोही एकच. काकांनी मात्र १९४० च्या नमुन्यावरून बलाक्लावा टोपी स्वतःच्या हातानं पुरी केली आणि ती घालून सँकी तळ्याला फेरी मारायला गेले. इतिहास कुणाला कळेल अशी आशा होती. पण डिसेंबरातल्या बेंगळुरूत सकाळी सहाला तळ्याकाठचा निम्मा पुरुषवर्ग माकडटोपीतच असतो. ‘काका, कुठून घेतलीत? तिबेटी बाजारात शंभराला मिळते,’ एवढंच कौतुक वाट्याला आलं.

आणि संक्रांतीला तर हद्द झाली. वहिनींकडं दुहेरी झालेल्या पुस्तिका होत्या. त्यांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून त्याच लुटल्या! स्टीलच्या वाटीची आशा धरून आलेल्या सवाष्णींच्या हातात १९४२ च्या कानटोपीचा कागद. कुणी बोललं नाही, पण ओट्या भरताना चेहरे बघण्यासारखे होते. शेजारच्या कन्नड काकूंनाही एक मिळाला. त्या व्यवहारी. त्यांनी त्याच कागदात एळ्ळु-बेल्ल बांधून, वर उसाचं कांडं ठेवून, संध्याकाळी पुडी वहिनींच्याच घरी परत पाठवली. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरं, आणि खाली विलायतेची कानटोपी, आरपार तेल पाझरलेली. वहिनींनी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेलाच्या डागाचा फोटो काढून ‘भारतात प्रत्यक्ष वापरलेली दुर्मीळ प्रत’ म्हणून लेस्टरच्या भाच्याकडं पाठवला. काल फोन आला होता. मूळ प्रतीला मिळाला नसता एवढा भाव आलाय, आणि गिऱ्हाईक विचारतंय, अशाच तेलकट आणखी आहेत का?